आकडे वाटेत का बिघडतात?

[आपण माहिती गोळा करतो, तिचा तक्ता तयार करतो आणि मग संगणकाकडून त्या तक्त्याचा हिशेब करून घेतो. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जाताना ही माहिती कधी कधी बिघडते. ती का बिघडते, बिघाड कसा ओळखावा आणि कसा दुरुस्त करावा, हे या पाठात आपल्या जिल्ह्यातील उदाहरणे घेऊन सांगितले आहे.]

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, तुम्ही पाणचक्की पाहिली असेल. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची ही चक्की पाण्याच्या जोरावर फिरत असे. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून तिथपर्यंत आणले होते. आता विचार करा. चक्की फिरेनाशी झाली, तर तुम्ही काय कराल? चक्कीचा दगड फोडून पाहाल काय? नाही. तुम्ही पाण्याच्या वाटेने मागे मागे जाल. पाणी कोठपर्यंत नीट येते आणि कोठे थांबते, ते पाहाल. बिघाड तिथेच सापडेल.

संगणकातील माहितीचेही असेच आहे. उत्तर चुकले की आपण हिशेबाला दोष देतो. पुष्कळदा हिशेब बरोबर असतो. माहिती वाटेत बिघडलेली असते.

दोन घरांचे दोन कायदे

माहिती लिहून ठेवण्यासाठी आपण एक्सेलसारखी स्प्रेडशीट वापरतो. तिच्यात आडव्या ओळी आणि उभे रकाने असतात. ओळ आणि रकाना जिथे मिळतात, त्या चौकटीत आपण काहीही लिहू शकतो. अंक लिहा, नाव लिहा, शेरा लिहा, रंग भरा, दोन चौकटी जोडून एक करा. स्प्रेडशीट कशालाच हरकत घेत नाही.

सांख्यिकीचे सॉफ्टवेअर मात्र शिस्तीचे असते. न्यूझीलंडमध्ये रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी तयार केलेले ‘आर’ हे असेच एक सॉफ्टवेअर आहे. दोघांच्या नावांचे पहिले अक्षर ‘आर’, म्हणून त्याचे नावही ‘आर’. ते सर्वांना मोफत मिळते. अशा सॉफ्टवेअरचे तीन साधे नियम असतात. पहिल्या ओळीत रकान्यांची नावे असावीत. पुढच्या प्रत्येक ओळीत एकाच गावाची, माणसाची किंवा वस्तूची माहिती असावी. आणि एका रकान्यात एकाच प्रकारची माहिती असावी: अंक तर सगळे अंक, अक्षरे तर सगळी अक्षरे.

स्प्रेडशीटमधील माहिती या सॉफ्टवेअरमध्ये आत घेणे, यालाच ‘इम्पोर्ट करणे’ म्हणतात. ढिल्या शिस्तीच्या घरातून कडक शिस्तीच्या घरात जाताना जी भांडणे होतात, तेच हे बिघाड. त्यांतले नेहमीचे बिघाड आता एकेक करून पाहू.

स्वल्पविरामाची गंमत

२०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या ३७,०१,२८२ होती. हा आकडा वाचायला सोपा जावा म्हणून आपण त्यात स्वल्पविराम घालतो. पण ‘सी.एस.व्ही.’ नावाच्या फाइलमध्ये स्वल्पविरामाचा अर्थच वेगळा असतो. तिथे स्वल्पविराम म्हणजे ‘हा रकाना संपला, पुढचा सुरू झाला.’ त्यामुळे आकडा अवतरण चिन्हांत नसेल, तर त्याचे तीन तुकडे होतात: ३७, ०१ आणि २८२. लोकसंख्येच्या रकान्यात उरतात फक्त सदतीस माणसे! पुढची सगळी माहितीही दोन दोन घरे सरकते.

आकडा अवतरण चिन्हांत असला, तरी पुष्कळ सॉफ्टवेअर त्याला अंक न समजता अक्षरे समजतात. मग बेरीज होत नाही. उपाय सोपा आहे. स्प्रेडशीटमध्येच तो रकाना निवडावा, स्वल्पविराम काढून टाकावेत आणि मगच फाइल साठवावी.

अंक दिसतात, पण अंक नसतात

मराठी तक्त्यात देवनागरी अंक असतात, तर उर्दू तक्त्यात उर्दू अंक. आपण दोन्ही वाचतो. परंतु संगणकाच्या युनिकोड पद्धतीत प्रत्येक लिपीतील अंकांना वेगवेगळे क्रमांक दिलेले आहेत. बरीच सॉफ्टवेअर फक्त इंग्रजी पद्धतीच्या अंकांनाच अंक मानतात. म्हणून इम्पोर्ट करण्याआधी सगळे अंक इंग्रजी पद्धतीचे करून घ्यावेत.

अक्षरांतही असाच घोटाळा होतो. उर्दूचा ‘ये’ आणि अरबीचा ‘ये’ शब्दाच्या मध्ये आले, तर अगदी सारखे दिसतात. पण संगणकाला ती दोन वेगळी अक्षरे वाटतात. ‘काफ’चेही तसेच. एकाने उर्दू कळफलकावर आणि दुसऱ्याने अरबी कळफलकावर एकच नाव टंकलिखित केले, तर आपल्याला ते एकच माणूस वाटते आणि संगणकाला दोन. नावापुढे चुकून राहिलेली एखादी मोकळी जागाही असाच फरक पाडते. ‘पैठण’ आणि ‘पैठण’ नंतर एक मोकळी जागा, हे त्याच्या दृष्टीने दोन तालुके!

फाइल उघडल्यावर मराठी किंवा उर्दू अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे आणि चौकोन दिसले, तर घाबरू नका. फाइल साठवताना ‘यूटीएफ-८’ हा प्रकार निवडा आणि उघडतानाही तोच निवडा. अक्षरे पुन्हा दिसू लागतील. मात्र प्रश्नचिन्हे दिसत असताना ती फाइल तशीच साठवू नका. तसे केल्यास मूळ अक्षरे कायमची जाऊ शकतात.

हरवलेले शून्य

आपल्या शहराचा टेलिफोनचा एस.टी.डी. क्रमांक ०२४० आहे. तो स्प्रेडशीटमध्ये लिहून पाहा. लगेच २४० होतो. अंकाच्या आधीच्या शून्याला किंमत नसते, असे संगणकाला वाटते. हिशेबात ते खरेच आहे. पण टेलिफोन क्रमांकात त्या शून्याला किंमत असते.

येथे एक नियम लक्षात ठेवा. ज्या अंकांची बेरीज किंवा सरासरी काढण्यात अर्थ नाही, ते अंक म्हणजे खरे तर नावे आहेत. पिन कोड, हजेरी क्रमांक, टेलिफोन क्रमांक हे सगळे अशा प्रकारचे. म्हणून असा रकाना लिहिण्यापूर्वीच ‘अक्षरे’ या प्रकारचा ठरवून टाकावा.

बोलणारी चूक आणि मुकी चूक

आपण तारीख लिहिताना आधी दिवस, मग महिना लिहितो. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस लिहितात. अनेक संगणकांवर अमेरिकी पद्धत ठरवून ठेवलेली असते.

मराठवाडा मुक्तिदिनाची तारीख घ्या: १७/०९/१९४८. अमेरिकी पद्धतीने ती वाचताना संगणक अडतो, कारण सतरावा महिना नसतो. तो तारीख मानायला नकार देतो. आपल्याला लगेच कळते, की काहीतरी चुकले. आता महाराष्ट्राच्या स्थापनेची तारीख घ्या: ०१/०५/१९६०. संगणक ती ‘५ जानेवारी १९६०’ अशी वाचतो आणि काहीही न बोलता पुढे जातो. १ मे कोठे गेला, हे कोणाला कळतही नाही.

पहिली चूक बोलणारी आहे, दुसरी मुकी. बोलणाऱ्या चुकीला भिऊ नये. ती आपली मैत्रीण आहे. भीती बाळगावी ती मुक्या चुकीची. म्हणून तारखेसाठी दिवस, महिना आणि वर्ष असे तीन वेगळे रकाने करावेत. मग गैरसमजाला जागाच उरत नाही.

रिकामी चौकट म्हणजे शून्य नव्हे

चार विद्यार्थ्यांनी परीक्षा द्यायची होती. तिघांना ६०, ७० आणि ८० गुण मिळाले. चौथा गैरहजर होता. गुणांची सरासरी किती? परीक्षा दिलेल्या तिघांची सरासरी ७० आहे. पण गैरहजर विद्यार्थ्यापुढे शून्य लिहिले, तर सरासरी ५२.५ होते. कोणी ‘माहिती नाही’ या अर्थाने ९९९ लिहिले आणि ते सॉफ्टवेअरला सांगितले नाही, तर सरासरी ३०२.२५ होईल. शंभरपैकी तीनशे गुण!

शून्य ही माहिती आहे. रिकामी चौकट म्हणजे माहितीचा अभाव आहे. कोणी त्या जागी ‘निरंक’ लिहितो, कोणी आडवी रेघ मारतो. अंकांच्या रकान्यात असा एक शब्द आला, तरी अनेक सॉफ्टवेअर सगळा रकानाच अक्षरांचा मानतात. म्हणून अशी जागा रिकामी ठेवावी आणि कारण शेजारच्या वेगळ्या रकान्यात लिहावे.

एकूणची ओळ

सरकारी तक्त्यात वर मोठे शीर्षक असते आणि तळाशी ‘एकूण’ अशी ओळ असते. छापील तक्त्यात ती हवीच. पण सॉफ्टवेअरला वाटते, ‘एकूण’ नावाचाही एक तालुका आहे!

आपल्या जिल्ह्यात नऊ तालुके आहेत: छत्रपती संभाजीनगर, पैठण, गंगापूर, वैजापूर, कन्नड, खुलताबाद, सिल्लोड, सोयगाव आणि फुलंब्री. ३७,०१,२८२ ला ९ ने भागले, तर एका तालुक्याची सरासरी लोकसंख्या सुमारे ४,११,२५४ येते. ‘एकूण’ची ओळ दहावा तालुका म्हणून आत शिरली, तर बेरीज दुप्पट होते, तिला १० ने भागले जाते आणि सरासरी ७,४०,२५६ येते. म्हणून इम्पोर्टनंतर पहिल्यांदा ओळी मोजाव्यात. नऊ तालुके असतील, तर ओळीही नऊच हव्यात.

एक नाव, अनेक ठिकाणे

आता थोडा अवघड बिघाड पाहू. २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांत आपल्या जिल्ह्याचे नाव ‘औरंगाबाद’ आहे. २०२३ मध्ये नाव बदलले आणि त्यानंतरच्या सरकारी तक्त्यांत ‘छत्रपती संभाजीनगर’ असे येते. आपल्याला ठाऊक आहे, की हा एकच जिल्हा आहे. सॉफ्टवेअरला ते ठाऊक नसते. जुना आणि नवा तक्ता नावावरून जोडला, तर एका जिल्ह्याचे दोन होतात. उस्मानाबाद आणि धाराशिव यांचेही तसेच.

याउलट प्रकारही होतो. बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे. २०११ मध्ये त्याची लोकसंख्या २५,४०,०७३ होती. देशातील सर्व जिल्ह्यांच्या तक्त्यात ‘औरंगाबाद’ या नावाची बेरीज मागितली, तर उत्तर ६२,४१,३५५ येते. हा आकडा कोणत्याच जिल्ह्याचा नाही.

यावर उपाय जनगणना खात्यानेच करून ठेवला आहे. प्रत्येक जिल्ह्याला एक सांकेतिक क्रमांक असतो. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याचा क्रमांक ५१५ आणि बिहारमधील औरंगाबादचा २३५ होता. नावे बदलतात, सारखी असतात, वेगवेगळ्या प्रकारे लिहिली जातात. म्हणून तक्ते नावावरून नव्हे, तर क्रमांकावरून जोडावेत.

तरीही एक गोष्ट कोणतेही सॉफ्टवेअर सांगणार नाही. १ मे १९८१ रोजी आपल्या जिल्ह्याचा काही भाग वेगळा करून जालना जिल्हा झाला. तेव्हा त्यापूर्वीच्या आणि नंतरच्या तक्त्यांत नाव एकच असले, तरी प्रदेश एकच नाही. दोन्ही आकडे शेजारी ठेवून ‘लोकसंख्या घटली’ असे म्हणणे चूक ठरेल. म्हणजे संगणकासोबत इतिहास आणि भूगोलही लागतो.

पंधरा हजार माणसे

या किरकोळ गोष्टी आहेत, असे तुम्हांला वाटेल. इंग्लंडमध्ये २०२० साली काय घडले, ते ऐका. कोरोनाची साथ चालू होती. प्रयोगशाळांकडून रुग्णांच्या याद्या येत आणि त्या एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरल्या जात. त्या प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. ओळी जास्त झाल्या आणि उरलेल्या वगळल्या गेल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ रुग्ण मोजदादीतून सुटले. त्या रुग्णांना स्वतःचा अहवाल मिळाला होता. पण ते कोणाकोणाला भेटले होते, याचा शोध घेण्यास उशीर झाला. साथीच्या दिवसांत असा उशीर किती महागात पडतो, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे.

तिथे कोणीही बेरीज चुकवली नव्हती. पाठवलेल्या ओळी किती आणि पोहोचलेल्या ओळी किती, एवढे वेळीच पाहिले असते, तरी पुरे होते.

बिघाड शोधण्याची रीत

आता तुम्ही स्वतः माहिती इम्पोर्ट कराल, तेव्हा ही रीत पाळा.

१. मूळ फाइलला हात लावू नका. तिची एक नक्कल करा आणि नकलेवर काम करा.

२. ओळी आणि रकाने मोजा. स्प्रेडशीटमध्ये जितके होते, तितकेच आत आले पाहिजेत.

३. पहिल्या पाच आणि शेवटच्या पाच ओळी डोळ्यांनी वाचा. शीर्षक आणि ‘एकूण’ तिथेच लपलेले असतात.

४. प्रत्येक रकाना अंकांचा आहे की अक्षरांचा, ते सॉफ्टवेअरला विचारा.

५. प्रत्येक रकान्यातील सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा पाहा. विद्यार्थ्याचे वय १४० असेल, तर ते कोठून आले, याचा शोध घ्या.

६. छापील बेरजेशी ताळा करा. २०११ मध्ये आपल्या जिल्ह्यात १९,२४,४६९ पुरुष आणि १७,७६,८१३ स्त्रिया होत्या. दोहोंची बेरीज ३७,०१,२८२ यायलाच हवी.

७. चूक सापडत नसेल, तर फाइलचे दोन भाग करा. कोणता भाग अडतो, ते पाहा. त्याचे पुन्हा दोन भाग करा. हजार ओळींतील एक खराब ओळ अशा रीतीने दहा वेळांत सापडते.

८. एका वेळी एकच दुरुस्ती करा आणि ती वहीत लिहून ठेवा. दहा दुरुस्त्या एकदम केल्या, तर कोणत्या दुरुस्तीने काम झाले, ते कधीच कळणार नाही.

मदत मागायची वेळ आली, तर ‘चालत नाही’ एवढेच म्हणू नका. मी काय केले, मला काय अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात काय झाले, या तीन गोष्टी सांगा. पुष्कळदा हे सांगता सांगताच उत्तर आपले आपल्याला सापडते.

शेवटी एक ध्यानात ठेवा. जनगणनेच्या तक्त्यातील प्रत्येक एकक म्हणजे एक जिवंत माणूस असतो. कोणत्या गावाला शाळा हवी, कोठे दवाखाना हवा, धान्य किती पाठवायचे, हे अशाच आकड्यांवरून ठरते. एखादी ओळ गळली, तर कोणाचे तरी नाव गळते. म्हणून आकड्यांची काळजी घेणे म्हणजे माणसांची काळजी घेणे होय.

शब्दार्थ

सांख्यिकी – आकड्यांवरून निष्कर्ष काढण्याचे शास्त्र
रकाना – तक्त्यातील उभी पट्टी
सांकेतिक क्रमांक – ओळखीसाठी दिलेला क्रमांक
निरंक – काहीही नाही
अभाव – नसणे
ताळा करणे – उत्तर बरोबर आहे की नाही ते पडताळून पाहणे
मोजदाद – मोजणी
कळफलक – टंकलेखनासाठी अक्षरे असलेली पाटी

स्वाध्याय

प्रश्न १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सी.एस.व्ही. फाइलमध्ये स्वल्पविरामाचा अर्थ काय असतो?
(आ) ०२४० मधील पहिले शून्य स्प्रेडशीटमध्ये का नाहीसे होते?
(इ) २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याचा सांकेतिक क्रमांक कोणता होता?
(ई) इंग्लंडमधील फाइलमध्ये सर्व रुग्ण का मावले नाहीत?

प्रश्न २. कारणे लिहा.
(अ) लेखकाने बोलणाऱ्या चुकीला मैत्रीण म्हटले आहे.
(आ) १९८१ पूर्वीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

प्रश्न ३. चूक की बरोबर ते लिहा.
(अ) गैरहजर विद्यार्थ्यापुढे शून्य गुण लिहावेत.
(आ) तक्ते जोडताना नावापेक्षा क्रमांक अधिक विश्वासाचा असतो.
(इ) बिघाड शोधताना मूळ फाइलमध्येच बदल करावेत.

प्रश्न ४. चार-पाच वाक्यांत लिहा.
‘आकड्यांची काळजी घेणे म्हणजे माणसांची काळजी घेणे होय,’ हे पाठातील उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.

भाषाभ्यास
(अ) तारीख, हिशेब, तपशील, नमुना, दुरुस्ती, गैरहजर हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. उर्दूत ते कसे लिहितात आणि कसे उच्चारतात, ते पाहा. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
(आ) ‘मजकूर’ या शब्दाचा मराठीत अर्थ ‘लिहिलेले लेखन’ असा आहे. उर्दूत त्याचा अर्थ ‘ज्याचा उल्लेख झाला आहे ते’ असा होतो. दोन्ही भाषांत आहेत, पण अर्थ वेगळे आहेत, असे आणखी दोन शब्द शोधा.
(इ) जनगणनेला जुन्या मराठीत ‘खानेसुमारी’ म्हणत. उर्दूत ‘मर्दुमशुमारी’ म्हणतात. या दोन शब्दांतील सारखा भाग कोणता? त्याचा अर्थ शिक्षकांना विचारा.

उपक्रम
वर्गातील दहा विद्यार्थ्यांची जन्मतारीख, उंची आणि घरापासून शाळेपर्यंतचे अंतर यांचा तक्ता करा. तो पाठातील आठ पायऱ्यांप्रमाणे तपासा. सापडलेले बिघाड आणि केलेल्या दुरुस्त्या वहीत लिहा.